घटपर्णी घरी आणण्यापूर्वी

शहरांतील रोपवाटिकांमध्ये अलीकडे ‘मंकी कप’ या नावाने एक टांगती वेल विक्रीस ठेवलेली आढळते. हिरव्या लांबट पानाचे टोक वाढत वाढत दोरीसारखे होते आणि त्या दोरीच्या अंती झाकण असलेली एक छोटी सुरई लोंबत असते. मराठीत या वनस्पतीला घटपर्णी म्हणतात. वनस्पतिशास्त्रात तिचे नाव नेपेंथिस. हिरवा, तांबूस, जांभळट अशा रंगांच्या या सुरया पाहून लहानथोर सारेच थबकतात आणि गच्चीत किंवा दुकानाच्या दर्शनी भागात असे एखादे रोप असावे, असे मनात येते.

जैन घरात मात्र या वेलीविषयी एक प्रश्न आधी उभा राहतो. ती सुरई शोभेसाठी वाढलेली नाही. ती कीटक पकडण्याचे साधन आहे. जेथे पाणी गाळून घेतले जाते, सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपले जाते आणि केर काढताना मुंगीलाही बाजूला केले जाते, तेथे ही वेल आणावी काय?

दुसरा प्रश्न तितकाच महत्त्वाचा असून तो सहसा कोणी विचारीत नाही. ही वेल आपल्या हवेत जगेल काय? घटपर्णीच्या अनेक जाती थंड पर्वतशिखरांवरील आहेत. अशी जात सोलापूरच्या किंवा अहिल्यानगरच्या उन्हाळ्यात आणली, तर ती काही आठवड्यांतच कोमेजते. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे. निव्वळ हौसेखातर एक जीव आणून त्याला न मानवणाऱ्या हवेत वाळू देणे, हे अनर्थदंडाच्या अगदी जवळ जाणारे वर्तन होय. त्यामुळे घटपर्णीची निवड करताना बागकाम आणि श्रावकाचार यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

सुरईचे काम

नेपेंथिस वंशात दीडशेहून अधिक जाती आहेत. मादागास्कर आणि सेशेल्सपासून श्रीलंका, मेघालय, मलेशिया, इंडोनेशिया, फिलिपिन्स, न्यू गिनी आणि उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत त्या पसरल्या आहेत. बोर्निओ, सुमात्रा आणि फिलिपिन्स ही त्यांची प्रमुख घरे. त्या वाढतात ती जमीन बहुधा निकृष्ट असते. सततच्या पावसाने तिच्यातील नायट्रोजन आणि स्फुरद वाहून गेलेले असते. ही उणीव भरून काढण्यासाठी पानाच्या टोकाला सुरई आली.

सुरईच्या झाकणावर आणि काठावर गोड रस पाझरतो. त्या रसासाठी मुंग्या, माश्या येतात. काठ ओला झाला की तो अतिशय निसरडा होतो. पाय घसरलेला कीटक आतील द्रवात पडतो आणि त्या द्रवातील पाचक रसांनी हळूहळू विरघळतो. कीटकांपासून वनस्पतीला मिळतो तो मुख्यतः नायट्रोजन आणि स्फुरद. तिची ऊर्जा मात्र इतर झाडांप्रमाणे सूर्यप्रकाशातूनच येते. पुढील विवेचनासाठी ही गोष्ट लक्षात ठेवणे आवश्यक आहे, कारण कीटक न मिळाल्यास घटपर्णी उपाशी मरते हा समज खरा नाही. योग्य प्रकाश आणि सौम्य खत मिळाले, तर ती कीटकांवाचूनही वाढते.

एक वंश, दोन हवामाने

जाणकार घटपर्णीच्या जातींचे ढोबळमानाने दोन गट करतात. पहिला गट सखल प्रदेशातला : समुद्रसपाटीपासून साधारण हजार मीटरपर्यंतचा. येथे दिवसा ३० अंशांच्या आसपास उष्मा असतो आणि रात्रही उबदारच राहते. दुसरा गट उंच पर्वतांवरचा. तेथे दिवस सौम्य असतो आणि रात्री पारा १०–१५ अंशांपर्यंत उतरतो.

पर्वतावरील जातींना दिवसाच्या उन्हापेक्षा उष्ण रात्र अधिक जाचते. रात्र उबदार राहिली की त्यांच्या श्वसनाचा वेग वाढतो आणि दिवसभरात पानांनी तयार केलेले अन्न रात्रीतच खर्ची पडते. मग नवी पाने लहान येऊ लागतात, सुरया धरत नाहीत आणि शेवटी रोप खंगते. बोर्निओतील किनाबालू पर्वतावरील ‘राजा’ ही जगातील सर्वांत मोठ्या सुरयांच्या जातींपैकी एक. जोसेफ हूकर यांनी १८५९ मध्ये तिचे शास्त्रीय वर्णन केले. ती १,५०० मीटरच्या वरच वाढते. त्याच पर्वतावरील ‘व्हिलोसा’ तर तीन हजार मीटरच्याही वर आढळते. छायाचित्रांतून सर्वाधिक भुरळ घालणाऱ्या जाती बहुधा याच गटातल्या असतात, आणि महाराष्ट्राच्या उन्हाळ्यात घराच्या गच्चीत त्या टिकणाऱ्या नाहीत.

सिंगापूरचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. विषुववृत्तालगतच्या त्या उष्ण, दमट बेटावर अम्पुलेरिया, ग्रॅसिलिस आणि राफ्लेसियाना या तीन जाती निसर्गतःच वाढतात. उंच पर्वतावरील वनस्पती दाखवण्यासाठी मात्र तेथील ‘गार्डन्स बाय द बे’ या उद्यानात २०१२ मध्ये ‘क्लाउड फॉरेस्ट’ नावाचे प्रचंड काचगृह उभारले गेले आणि त्याची हवा यंत्रांनी थंड ठेवावी लागते. घटपर्णीच्या मायभूमीतच ही स्थिती असेल, तर दख्खनच्या पठारावरील गच्चीची कथा वेगळी सांगावयास नको.

उष्ण हवेला मानवणाऱ्या जाती

सखल प्रदेशातील जातींमध्ये ‘मिराबिलिस’ सर्वांत दूरवर पसरलेली आहे. दक्षिण चीनपासून उत्तर ऑस्ट्रेलियापर्यंत ती आढळते, आणि इतक्या भिन्न प्रदेशांत जगणारी वनस्पती साहजिकच सोशीक असते. ‘ग्रॅसिलिस’ नाजूक दिसते, तरी उष्णता चांगली सोसते. ‘राफ्लेसियाना’च्या सुरया मोठ्या आणि ठिपकेदार असतात. ‘बायकॅलकॅराटा’च्या झाकणाखाली दोन दातांसारखे काटे असतात; तिच्या पोकळ दोऱ्यांत एका विशिष्ट जातीच्या मुंग्या घर करून राहतात आणि सुरईच्या द्रवात पोहूनही सुखरूप बाहेर येतात. हिला सतत दमट हवा लागते. ‘अम्पुलेरिया’ या गटात स्वभावाने वेगळी आहे. तिचा विचार पुढे येईल.

बाजारात सर्वाधिक आढळणारा ‘व्हेंट्राटा’ हा फिलिपिन्समधील दोन जातींचा संकर. त्याचे मूळ काहीसे उंचावरचे असले, तरी उष्ण दिवस आणि थंड रात्र हे दोन्ही तो इतरांपेक्षा अधिक सोसतो. नवख्या माणसाच्या हाती टिकणारी घटपर्णी म्हणून त्याची ख्याती आहे.

महाराष्ट्रातही सर्वत्र एकच निवड उपयोगी नाही. मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीत हवा दमट असते आणि रात्री फारशा गारठत नाहीत. तेथे राफ्लेसियाना, अम्पुलेरिया, मिराबिलिस आणि त्यांचे संकर सावलीत उघड्यावर वाढू शकतात. पुणे, नाशिक, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात एप्रिलच्या दुपारी हवा कोरडी होते आणि डिसेंबरच्या रात्री थंडी पडते. तेथे व्हेंट्राटा अधिक भरवशाचा. विदर्भ, मराठवाडा आणि खानदेशात पारा ४२–४५ अंशांवर जातो आणि हवेतील ओलावा नाहीसा होतो. अशा ठिकाणी दाट सावली आणि भोवताली सतत ओलावा राखण्याची सोय नसेल, तर घटपर्णी न आणणे हाच योग्य निर्णय ठरतो.

वातानुकूलित दुकान हेही तिच्यासाठी चांगले स्थान नव्हे. यंत्र हवेतील ओलावा शोषून घेते आणि सुरई धरण्यासाठी तर ओलावाच लागतो. हवा कोरडी असेल तर दोरीच्या टोकावरील कोंब तपकिरी होऊन वाळतो. एका पानाला आयुष्यात एकच सुरई येते. ती गेली की त्या पानाला पुन्हा येत नाही.

अहिंसेची कसोटी

गृहस्थाकडून एकेंद्रिय जीवांची हिंसा पूर्णपणे टळत नाही, हे शास्त्रकारांनी जाणले होते. म्हणून श्रावकाच्या अहिंसाणुव्रतात त्रस जीवांच्या संकल्पी हिंसेचा त्याग प्रधान मानला गेला. घटपर्णीच्या सुरईत पडणारी मुंगी तीन इंद्रियांची. माशी आणि डास चार इंद्रियांचे. म्हणजे येथे प्रश्न त्रस जीवांचा आहे.

वेल स्वतः जे करते तो तिचा देहधर्म होय. त्याचे पाप घरच्या माणसावर आपोआप येत नाही. परंतु त्याच्या वाट्याचा विचार कृत, कारित आणि अनुमोदना या तीन अंगांनी करावा लागतो. डास कमी व्हावेत या हेतूने घटपर्णी आणणे म्हणजे जीवघातासाठी साधन नेमणे. तेथे संकल्प स्पष्ट आहे. मुलांना गंमत दाखवावी म्हणून चिमट्याने किडा सुरईत टाकणे तर त्याहून वाईट. सुरईत धडपडणारी मुंगी पाहून कौतुक करणे ही अनुमोदना झाली. हे तिन्ही प्रकार जैन घरात निषिद्धच मानावे लागतील. शिवाय घटपर्णी मोजकेच कीटक पकडते; डासांचा उपद्रव तिने कमी होत नाही, त्यामुळे व्यवहाराच्या दृष्टीनेही त्या हेतूत अर्थ नाही.

ज्यांचा विचार हा व्यवसाय करण्याचा आहे, त्यांच्यासाठी आणखी एक मुद्दा आहे. पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’ सांगितले आहे. बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात धनासाठी मांजर, कुत्रा इत्यादी प्राणी पाळणे त्यात गणले आहे. तेथे उल्लेख प्राण्यांचा आहे, वनस्पतीचा नाही. घटपर्णीला तो नियम लावावा की नाही, याचा निर्णय ज्याने त्याने आपल्या गुरुभगवंतांना विचारून घेणे उचित.

या कसोटीवर ‘अम्पुलेरिया’ ही जात विशेष लक्ष वेधते. बहुतेक घटपर्णींच्या सुरईवर झाकण छत्रीसारखे असते. हिचे झाकण मागे वळलेले असते आणि तोंड आकाशाकडे उघडे राहते. जंगलात तिच्या गोलसर सुरया जमिनीवर दाटीने पसरतात आणि वरच्या झाडांची गळलेली पाने त्यांत साठतात. ती पाने कुजून मिळणाऱ्या सत्त्वावर ही वेल बरीचशी जगते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, पालापाचोळा पडणाऱ्या ठिकाणच्या रोपांच्या पानांतील सुमारे ३६ टक्के नायट्रोजन गळलेल्या पानांतून आल्याचे दिसून आले. सारावाकमध्ये एका अगदी लहान जातीच्या बेडकाची पिल्ले याच सुरयांतील पाण्यात वाढतात. अर्थात, अम्पुलेरियाच्या सुरईतही काही कीटक पडतात, म्हणून तिला सर्वथा निर्दोष म्हणता येणार नाही. तरीही उष्ण, दमट हवा मानवणारी आणि कीटकांवर कमी अवलंबून असलेली जात हवी असेल, तर हिचा विचार आधी व्हावा.

या दोन गोष्टी नेहमी एकत्र येत नाहीत. बोर्निओतील ‘लोवी’ या जातीच्या वरच्या सुरया कीटक फारसे पकडीतच नाहीत. झाडांवर राहणारा चिचुंद्रीसारखा एक प्राणी झाकणावरचा रस चाटायला येतो आणि त्याची विष्ठा सुरईत पडते, त्यातूनच वेलीला नायट्रोजन मिळतो. स्वभावाने ही जात जैन मनाला पटण्याजोगी खरी, पण ती थंड पर्वताची रहिवासी आहे. महाराष्ट्रातील उष्ण घरात तिला आणणे म्हणजे तिचा अंत ओढवून घेणे.

अचौर्याची कसोटी

भारतात घटपर्णीची एकच जात निसर्गतः आढळते : मेघालयातील ‘खासियाना’. खासी, जयंतिया आणि गारो टेकड्यांत ती वाढते. गारो लोक तिला ‘मेमांग-कोक्सी’, म्हणजे भुताची टोपली, म्हणतात. दक्षिण गारो टेकड्यांतील बाघमारा येथे तिच्यासाठी एक छोटे अभयारण्य राखले आहे. जंगलतोड, खाणकाम आणि संग्राहकांची हाव यांमुळे ती संकटात आली आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अनुसूचीत नोंदलेल्या मोजक्या वनस्पतींत तिचा समावेश असून परवान्याशिवाय तिची लागवड किंवा विक्री करता येत नाही. वन्य जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयीच्या ‘साइट्स’ करारात खासियाना आणि राजा या दोन जाती सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात आहेत. उर्वरित सर्व नेपेंथिस दुसऱ्या परिशिष्टात येतात.

व्यापारी कुटुंबांना अचौर्याणुव्रताचे अतिचार नव्याने सांगण्याची गरज नाही. चोरीने आणलेली वस्तू घेणे हा तदाहृतादान, राज्याच्या नियमाविरुद्ध देवघेव करणे हा विरुद्धराज्यातिक्रम, आणि एका मालाच्या नावे दुसरा देणे हा प्रतिरूपकव्यवहार. जंगलातून उपटलेली घटपर्णी विकत घेताना पहिले दोन दोष लागतात. साध्या संकराला दुर्मीळ जातीचे नाव देऊन जादा किंमत घेणाऱ्याला तिसरा लागतो.

रोपवाटिकेत किंवा प्रयोगशाळेत वाढवलेले रोप ओळखण्याच्या काही खुणा आहेत. ते बहुधा लहान, सर्व बाजूंनी सारखे वाढलेले आणि मुळांनी भरलेले असते. जंगलातून आणलेल्या वेलीचे खोड जाड व लाकडी, मुळे तुटलेली आणि पाने किडींनी खाल्लेली, डागाळलेली असतात. पावतीवर जातीचे किंवा संकराचे नाव लिहून घ्यावे. परदेशातून रोप मागवायचे असल्यास आयात परवाना आणि वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. या वनस्पतींना साइट्सचा निर्यात परवानाही लागतो. कुरिअरच्या खोक्यात दडवून आलेले स्वस्त रोप घरात न आलेलेच बरे.

खरेदीच्या वेळी पानांच्या बेचक्यांत पांढरा पिठ्या ढेकूण नाही ना, हेही नीट पाहावे. किडींसह रोप घरी आले, तर पुढे औषध फवारण्याचा प्रसंग येतो आणि तो टाळणे हाच खरा यत्न.

आणलीच तर जयणेने

एवढा विचार करूनही घटपर्णी आणायचे ठरले, तर तिची निगा जयणापूर्वक राखता येते. सुरईचे झाकण उघडले की तिच्या तोंडात काठाच्या बरोबरीने स्वच्छ कापसाचा सैल बोळा बसवावा. तो खोल ढकलू नये. खोल गेल्यास आत पडलेल्या मुंगीला गुळगुळीत भिंतीवरून वर येता येत नाही. काठाबरोबर असल्यास मुंगी झाकणावरचा रस घेते आणि परत जाते. बोळ्यामुळे सुरईत डासही अंडी घालत नाहीत. प्रत्येक नव्या सुरईसाठी हे करावे लागते. दर आठवड्याला वेलीकडे लक्ष देण्याची तयारी नसेल, तर ती आणू नये.

कीटकांच्या जागी पोषण म्हणून पाण्यात विरघळणारे खत, वेष्टनावर सांगितलेल्या प्रमाणाच्या पावपट करून, पंधरा दिवसांतून एकदा पानांवर फवारावे. सेंद्रिय म्हणून विकल्या जाणाऱ्या काही खतांत हाडांचा चुरा, रक्त किंवा मासळी असते. वेष्टन वाचून खनिज खतच निवडावे.

कुंडीत बागेतील माती, शेणखत किंवा गांडूळखत घालू नये. घटपर्णीची मुळे त्याने जळतात. अनेक जण तिला वाळलेल्या शेवाळात लावतात. जैन परंपरेत शेवाळाची गणना अनंतकायात होते, म्हणून ज्यांना ते वर्ज्य वाटते त्यांनी नारळाच्या सोडणाचे तुकडे, कोळसा आणि परलाइट यांचे मिश्रण वापरावे. सोडणात क्षार असतात. तुकडे आधी दोन-तीनदा धुऊन घ्यावेत.

पाण्याविषयी एक गैरसमज आढळतो. पाणी गाळल्याने त्यातील जीव वाचतात आणि उकळल्याने ते प्रासुक होते. परंतु त्यात विरघळलेले क्षार दोन्ही उपायांनी जात नाहीत. दख्खनमधील विंधनविहिरींचे पाणी बहुधा जड असते आणि तेच घटपर्णीला घातक ठरते. तिला गाळलेले पावसाचे किंवा आरओचे पाणी द्यावे. मिश्रण ओलसर राहावे, पण कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नये. साचलेल्या पाण्यात डासांची उत्पत्ती होते.

प्रकाश भरपूर हवा, मात्र दुपारचे ऊन थेट नको. सकाळचे कोवळे ऊन आणि त्यानंतर निम्मा प्रकाश अडवणारी हिरवी जाळी ही व्यवस्था उत्तम. बंद काचपेटी उन्हात ठेवू नये. आतील हवा काही मिनिटांत भट्टीसारखी तापते. एप्रिल-मेमध्ये कुंडीभोवती ओलावा राखावा आणि त्या दिवसांत सुरया कमी आल्या तर चिंता करू नये. चातुर्मासात हवा दमट होते आणि वेल पुन्हा सुरया धरू लागते.

ज्या घरात उन्हाळा फार कडक आहे, किंवा प्रत्येक सुरईला बोळा बसवण्याइतकी सवड कोणालाच नाही, तेथे घटपर्णी न आणण्यात काहीच उणेपणा नाही. मेघालयाच्या सहलीत जयंतिया टेकड्यांतील जराईनच्या परिसरात, किंवा परदेशप्रवासात एखाद्या वनस्पती उद्यानात ती तिच्या स्वतःच्या हवेत पाहता येते. मुलांना तेथे नेऊन तिची सुरई, तिचे निकृष्ट जमिनीवरचे जगणे आणि तिच्या पाण्यात वाढणारी बेडकाची पिल्ले यांविषयी सांगावे. घरी आणणाऱ्या कुटुंबाने मात्र खरेदीपूर्वी जातीचे नाव, आपल्या गावचा उन्हाळा आणि विक्रेत्याची पावती या तीन गोष्टी तपासून घ्याव्यात, आणि वेलीची निगा कोण राखणार हेही तेव्हाच ठरवावे.